आंबेघोळ रस्त्याचे गुण

"दोन पॉइंट आठ," मी म्हणाले आणि मांडीवरच्या वहीत पुन्हा एकदा बेरीज केली. तेवढीच आली.

बाबासोंनी जीपचं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत राहिले. समोर पाण्याची टाकी होती, तिच्यामागे कौलारू घरं. बाबासो रेडेकर माझ्या गाडीचे ड्रायव्हर आणि हे त्यांचं स्वतःचं गाव, आंबेघोळ. तिट्ट्यापासून गावापर्यंतचा नऊ किलोमीटरचा रस्ता आम्ही नुकताच मोजून संपवला होता. त्याच एका रस्त्यासाठी हा माणूस महिनाभर दिवस मोजत होता.

"दोनच्या वर?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"बरंच वर."

"म्हंजे यादीत न्हाई."

"नाही."

त्यांनी मान हलवली, खाली उतरले आणि बोनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघायला लागले. पाणी त्यांनी तासाभरापूर्वी माझ्यादेखत भरलं होतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मी सत्तावीस वर्षांची होते, इंजिनिअर, आणि पुण्याच्या एका कंपनीत सहा-सहा महिन्यांच्या करारावर होते. आमच्या कंपनीला जिल्ह्याने काम दिलं होतं की सगळे रस्ते मोजा आणि प्रत्येकाला गुण द्या. डांबर थोडं आणि रस्ते फार. आजवर ज्याचा पुढारी मोठ्याने ओरडेल त्याचा रस्ता आधी व्हायचा. आता सगळ्यात वाईट रस्ता आधी, असं ठरलं होतं. माझा या कामावर अगदी देवावर असावा तसा विश्वास होता. अजूनही आहे, म्हणून तर हे सांगताना चिडचिड होते.

मोजायची रीत साधी. जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलला एक यंत्र बसवलेलं असे. चाक उसळलं की ते धक्का मोजायचं आणि मागच्या सीटवरच्या डब्यात टिक टिक करत आकडा पुढे सरकायचा. डब्याशेजारी मी. दर किलोमीटरला आकडा लिहायचा, शेवटी त्यावरून एक ते पाचमध्ये गुण काढायचे. पाच म्हणजे कालच केलेला, आणि एक म्हणजे नुसता सरकारी वहीत रस्ता म्हणून लिहिलेला. दोन किंवा त्याखाली आला तर पुढच्या वर्षीच्या कामांच्या यादीत. दोनच्या वर गेला तर तीन वर्षांनी पुन्हा मोजणी, तोवर आहे तसा.

यात एकच गोष्ट सांभाळायची. गाडी तीसच्या वेगाने, ठरलेल्या रेषेत, सरळ चालली पाहिजे. खड्डा आला तर खड्ड्यातून. ड्रायव्हरने खड्डे चुकवले की यंत्राला ते दिसतच नाहीत आणि मोडका रस्ता गुळगुळीत ठरतो.

हे बाबासोंना शिकवताना माझ्या तोंडाला फेस आला होता. खात्याच्या जीपवर ते रोजंदारीने चौदा वर्षं होते, आणि साहेबाच्या पोटातलं पाणी न हलवणं हीच त्यांची आजवरची नोकरी. आमच्या मोजण्यांवर सही करणारे उपअभियंता शिंत्रेसाहेब तर सगळ्यांना सांगत की बाबासोच्या गाडीत मी भरलेली कपबशी घेऊन बसतो. पहिल्या दिवशी मी शेवटी चिडून म्हटलं होतं की बाबासो, तुमची कला घरी ठेवून या. त्यांना लागलं असणार, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी सुतासारखी सरळ धरली. चाळीस रस्ते आम्ही तसे मोजले. खड्डा दिसला की ते आधी "धरा मॅडम" म्हणायचे आणि मग गाडी त्यात घालायचे.

आणि त्या चाळीस रस्त्यांवर आंबेघोळची गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. गावाला पूर्वी मुक्कामी एसटी होती. संध्याकाळी यायची, रात्री टाकीजवळ थांबायची आणि सकाळी साडेसहाला तालुक्याला निघायची. तीन वर्षांमागे दोनदा तिच्या स्प्रिंगांचे पाटे तुटले आणि डेपोने ती बंद केली. रस्ता नवा झाला की गाडी पुन्हा सुरू करू, असं डेपोचं पत्र बाबासोंच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून असे. त्यांची मुलगी सारिका नववीत होती. दहावीपर्यंतची शाळा शेजारच्या वाडीत होती, चालत जाण्यासारखी. पुढचं कॉलेज तालुक्याला. रस्ता या वर्षी यादीत लागला तर पुढच्या हिवाळ्यात काम होईल, जूनमध्ये गाडी सुरू होईल आणि त्याच जूनमध्ये सारिका अकरावीला जाईल. हे गणित बाबासोंनी मला इतक्या वेळा घालून दाखवलं होतं की मला ते तोंडपाठ झालं होतं. या वेळी राहिलं तर पुढची मोजणी तीन वर्षांनी. तोवर पोरगी कुणाच्या तरी घरी भाकरी थापत असणार, हे ते बोलत नसत, पण तेवढं मला कळत होतं.

आणि रस्त्याला मिळाले दोन पॉइंट आठ.

खरं सांगायचं तर त्या नऊ किलोमीटरमध्ये मी रस्त्याकडे पाहिलंच नव्हतं. सकाळपासून मला बरं वाटत नव्हतं. डब्यावर एक हात ठेवून, डोळे मिटून बसले होते. किलोमीटरचा दगड आला की बाबासो सांगायचे, मी डोळे उघडून आकडा लिहायची आणि पुन्हा मिटायची. आज फारसे धक्के नाहीत, एवढं जाणवलं होतं. रस्ता चांगला आहे म्हणायचा, सुटले बाई, असंच मनात आलं होतं.

बाबासो बोनेटमध्ये डोकं घालून उभे होते तेव्हा मी पाय मोकळे करायला, आम्ही आलो होतो त्या बाजूला, थोडी चालत गेले. मार्च महिना, लाल मातीची धूळ घोट्यापर्यंत. पन्नास पावलांवर पहिला खड्डा दिसला. त्यात शेळी बसली तर दिसली नसती. पुढे दुसरा, त्याच्यापुढे डांबर पूर्ण उखडून वर आलेली खडी. आणि त्या सगळ्यामधून धुळीत आमच्या जीपच्या चाकांच्या ताज्या खुणा. डावीकडे, उजवीकडे, एका खड्ड्याच्या काठावरून, दोन खड्ड्यांच्या मधल्या हातभर पट्टीवरून. एकही चाक एकाही खड्ड्यात गेलेलं नव्हतं. साठ वर्षांच्या सुगरणीने कुरडया घालाव्यात तशी गाडी वळवत नेली होती त्या माणसाने.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच परत फिरले आणि त्यांना फैलावर घेतलं. चाळीस रस्ते सरळ चालवलेत, लोकांच्या रस्त्यावर माझी हाडं मोडलीत आणि स्वतःच्या गावाचा रस्ता आला तेव्हा खड्डे चुकवलेत? कशासाठी? सोयऱ्याधायऱ्यांसमोर गाडी डुलवत आणायची लाज वाटली? सारिकाचं नावसुद्धा मी त्या रागात घेतलं. ते फडक्याने हात पुसत ऐकत होते.

शेवटी ते एवढंच म्हणाले, "घरी चला मॅडम. च्या घ्या."

घर टाकीमागेच होतं. दारात त्यांची बायको हिराबाई उभी होती, माझं ओरडणं सगळ्या गावाने ऐकलं तसं तिनेही ऐकलंच असणार. तिने मला घोंगडं अंथरून बसवलं, पाण्याचा तांब्या दिला. बाबासो बाहेर परड्यात निघून गेले. हिराबाई माझ्यासमोर बसली, माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "कितवा म्हणायचा, ताई?"

मी तांब्या खाली ठेवला.

हे जगात फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. त्याची गिरणी सहा महिने बंद होती आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. मुलाखतीत पुण्याच्या साहेबाने मला हसत हसत विचारलं होतं की लग्न झालंय, मग लवकर काही विचार वगैरे? मी नाही म्हटलं होतं. तेव्हा ते खरंही होतं. करारात रजेचं नावच नव्हतं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरं कोणी आलं असतं. म्हणून मी ढगळ कुडते घालत होते, मळमळलं की पित्ताचं नाव सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी जीपचा प्रवास टाळा असं सांगितलं होतं, ते मी त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवरच सोडून आले होते.

"चौथा," मी म्हणाले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. परवा घरी आल्ते तवा म्हणाले, मॅडमला दिवस गेल्यात. सगळ्यांस्नी पित्त म्हणून सांगत्यात. त्या दिशीच्या रस्त्यावर म्हणं तुमी पोट धरून गाडी थांबवायला लावली."

लावली होती. एका मोरीवर जीप जोरात आदळली आणि मला कळ आली होती. दहा मिनिटं मी त्या मोरीच्या कठड्यावर बसून राहिले होते. तेव्हा बाबासो म्हणाले होते, मॅडम, उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा की. मी त्यांना फटकारलं होतं की तुम्ही गाडी चालवा, माझं काम मला शिकवू नका.

हिराबाईने चहा गाळला. बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "आमचं पयलं ह्याच रस्त्यावर गेलं, ताई. सातवा लागल्ता. जीपनंच नेत व्हते तालुक्याला. सारिका नंतरची." तिच्या आवाजात काही फरक पडला नाही. साखर कमी असेल तर सांगा, असंही तिने त्याच आवाजात म्हटलं.

चहा तसाच ठेवून मी उठले.

मी परड्यात गेले. बाबासो गवताच्या गंजीजवळ उभे होते. मी काय बोलायला गेले होते कोण जाणे, तोंडातून निघालं ते असं की तुम्ही मला सांगायचं होतं, मी गाडीतून उतरले असते.

"उतरला नसता," ते म्हणाले. आणि ते खरं होतं. मी उतरले नसते. उतरायचं कारण सांगावं लागलं असतं.

"सरळच चालवायचं ठरवून आल्तो," ते पुढे म्हणाले. "तिट्ट्यावर पयला खड्डा आला. म्हटलं एवढा चुकवावा, पुढनं सरळ धरू. मग दुसरा आला. मग न्हाईच जमलं बगा."

परतताना ते तितक्याच सावकाश चालवत होते. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते. नऊ किलोमीटरमध्ये मी किती खड्डे मोजले ते सांगत नाही. प्रत्येक खड्ड्याला ते स्टिअरिंग जरासं वळवत होते, आणि सकाळी याच माणसाने याच जागी, मुलीची एसटी हातातून सोडत, असंच वळवलं होतं, हे मला दर वळणाला कळत होतं. मी रडले. आरशात त्यांना दिसलं असेल, त्यांनी आरसा वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंत्रेसाहेबांसमोर जाऊन बसले. आंबेघोळची मोजणी चुकली आहे, पुन्हा करावी लागेल म्हटलं. साहेब सज्जन होते आणि घाईत होते. फेरमोजणी करता येते म्हणाले, त्यासाठी एक फॉर्म आहे. तुमची तब्येत बरी दिसत नाही, तर उद्या मीच बसतो गाडीत. "फक्त कारणाच्या रकान्यात काय लिहिताय ते बघा. यंत्र बिघडलं असं लिहिलंत तर तुमचे आधीचे चाळीस रस्तेही गेले. ते पुन्हा कोण मोजणार? दुसरं काही असेल तर ते लिहा. दुपारपर्यंत आणा, मी सही करतो."

फॉर्म घेऊन मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. फेरमोजणीचे कारण. रकाना चार बोटं रुंद होता. यंत्र नाही. मग उरली दोनच कारणं. एक खरं होतं: गाडीत गरोदर बाई होती म्हणून ड्रायव्हरने खड्डे चुकवले. फॉर्मची एक प्रत पुण्याला, आमच्या कंपनीत जाणार होती.

बाबासो येऊन शेजारी बसले. आजवर ते माझ्या शेजारी कधी बसले नव्हते, उभेच राहायचे. त्यांनी रकान्याकडे बघितलं.

"चालकाची चूक लिवा," ते म्हणाले.

"जूनमध्ये तुम्हा रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी आहे. हा कागद तुमच्या नावाला लागला तर चौदा वर्षं पाण्यात जातील."

"ठावं हाय मला."

"मी खरं लिहिते, बाबासो."

"आन मग? तुमाला घरी पाठवत्यात. पोटात लेकरू हाय, मालक घरात बसून. मी कुठंबी गाडी चालवीन. दुधाची चालवीन, उसाची चालवीन. तुमाला आता कोण ठेवून घेणार हाय?" मग म्हणाले, "कागद लिवला न्हाई तर मोजणी न्हाई. मोजणी न्हाई तर सारिकाची गाडी न्हाई. तुमी त्येवढं बगा."

मी वाद घातला. पण पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा आल्यावर भुकेला माणूस जेवढं नको नको म्हणतो, तेवढाच घातला.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. फेरमोजणीत आंबेघोळ रस्त्याला एक पॉइंट चार मिळाले. बाबासोंनी गाडी सरळ नेली आणि शिंत्रेसाहेब आठ दिवस कंबरेला पट्टा बांधून ऑफिसात येत होते. रस्ता यादीत लागला. पुढच्या जूनमध्ये मुक्कामी एसटी सुरू झाली आणि सारिका कॉलेजात गेली. फेरमोजणीनंतर आठवड्याभरात फिरतीचं काम संपलं, मला टेबलाचं काम मिळालं, आणि ऑगस्टमध्ये मुलगी झाली. तोवर आमच्या साहेबांना मला काढणं परवडणारं नव्हतं, सगळे आकडे माझ्या डोक्यात होते. बाबासोंचं नाव जूनच्या यादीत आलं नाही. ते दुधाचा टेम्पो चालवायला लागले. हे सगळं मला इतरांकडून कळलं. मी आंबेघोळला गेले नाही. आज माझ्या हाताखाली सहा गाड्या आहेत. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी तेच सांगते, की ड्रायव्हरला खड्डा चुकवू द्यायचा नाही. का, असं कोणी विचारलं तर यंत्राचं कारण सांगते. माझ्या मुलीलाही हे ठाऊक नाही. सांगायला हवं, हे मला कळतं. वीस वर्षांत जमलेलं नाही.

त्या दिवशी बाकावर बसून मी पेन उघडलं. सरकारी भाषेत लिहायची सवय हाताला होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही. शाई वाळायच्या आत बाबासो म्हणाले की चष्मा गाडीत राहिलाय, वाचून दाखवा.

मी वाचलं, "चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाहन ठरलेल्या रेषेत चालवले गेले नाही."

त्या दिवसांत माझी आई नव्हती, सासर तोंड फिरवून होतं, नवरा स्वतःच्याच काळजीत बुडालेला. माझ्या पोटातल्या जिवासाठी कोणी काही केलं असेल तर ते याच माणसाने, त्या नऊ किलोमीटरमध्ये. आणि त्याला मी हे नाव दिलं होतं. मी मान वर केली नाही.

बाबासोंनी थोडा विचार केला.

"बरोबर लिवलंय," ते म्हणाले. "आता सही करा, साहेब जेवायला जातील."

मी सही केली.